गोठलेल्या तऱ्यावरचा ढिवर

"तो झरोका बंद नोका करू ताई. सांगतलं ना मघाशीच?"

"अहो पण केवढं गार येतंय आत! हिला आधीच सर्दी आहे."

"सर्दी पुरली जी. सर्दीनं मानूस शिंकते. झरोका बुजवला त मानूस झोपते, आन् मंग उठतच नाई. स्टोव्ह का फक्त ऊब देते? हवा बी खाते तो."

मितालीचा हात तंबूच्या कापडावर होता, तो तिथेच थांबला. तिच्या मांडीला टेकून बसलेली सहा वर्षांची तन्वी आईच्या तोंडाकडे आणि या दाढीवाल्या माणसाच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. मितालीचा नवरा जयेश मात्र खूश झाला.

"घे! मी तासभर बोंबलतोय व्हेंटिलेशन, व्हेंटिलेशन. आणि दादांचं एका वाक्यात ऐकलंस!"

"तुमी कायले हासता साहेब? स्टोव्हवर मोजे कोनं टाकले सुकवाले? काढा ते अगुदर."

आता मिताली हसली. जयेशनं मुकाट्यानं मोजे उचलले. जपानच्या राजधानीत, तोयोसूच्या बावीस मजली इमारतीत बसून बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस, पण इथे होक्काइदोत, उणे चौदा अंशात, बर्फावर स्टुल टाकून बसल्यावर त्याची अक्कल पायाच्या बोटांइतकीच बधीर झाली होती.

झरोका उघडा ठेवायला सांगणारा तो पंढरीनाथ. भंडारा जिल्ह्यातलं साकोलीच्या पलीकडचं बोडीटोला हे त्याचं गाव. जात ढिवर, म्हणजे पिढ्यान् पिढ्या पाण्यात उभं राहून मासे धरणारी. तिकडे तळ्याला तरा म्हणतात आणि मासोळीला मासोरी, आणि तसंच म्हटलं पाहिजे. तळं म्हटलं की ते पुस्तकातलं वाटतं, त्यात गाळ नसतो. पंधरा वर्षं जपानात काढून, जपानी बायको करून आणि तीही गमावून पंढरीच्या तोंडचा तरा काही सुटला नव्हता. आत्ता तो ज्याच्यावर उभा होता तोही तराच. फक्त वरती हातभर जाड बर्फ आणि खाली काळं पाणी.

हिवाळ्याचे अडीच महिने त्याचं काम एकच. काठावर ओनोदेरा नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या विधवा बाईचं दुकान होतं. तिथून गिऱ्हाइकांचं सामान घसरगाडीवर लादायचं आणि अर्धा किलोमीटर आत, मासे लागतात तिथवर ओढत न्यायचं. तंबू, रॉकेलचा स्टोव्ह, तेलाचा डबा, स्टुलं, खाली अंथरायच्या जाड चटया, बोटभर लांबीचे गळ, तळायची कढई. ओढायचा दोर खांद्यावर घ्यायचा नाही, कमरेला घ्यायचा. पाय घसरला तर बुडावर पडावं, तोंडावर नव्हे. मग तंबू छत्रीसारखा उघडायचा, त्याच्या झालरीवर फावड्यानं बर्फ चढवायचा म्हणजे वारा खालून शिरत नाही. गिरमिटानं भोकं पाडायची. स्टोव्ह बाहेर पेटवायचा आणि ज्योत स्थिरावली की आत न्यायचा, पण फळीवर ठेवायचा, नाहीतर तो आपल्याच उबेनं बर्फात रुतून वाकडा होतो. हे सगळं झालं की आलेलं कुटुंब आत बसून वाकासागी धरतं. वाकासागी म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासोरी. तळून डोक्यासकट खायची.

ओनोदेराबाईला 'पंढरी' म्हणता यायचं नाही. ती म्हणायची 'पान्दा-सान'. त्यामुळे गिऱ्हाइकांची पोरंही त्याला पांडा म्हणत आणि तन्वीनं आल्या आल्या त्याचा पांडाकाका करून टाकला होता. त्याची ना नव्हती. तीन-चार दिवसांची दाढी, काळा कोट, पांढरी टोपी, दिसायचाही तसाच.

"दादा," तन्वीच्या गळाला आमिष लावून घेता घेता मितालीनं विचारलं, "तो तिकडचा पिवळा तंबू रिकामाच दिसतोय. तिकडे जास्त मासे आहेत का?"

"तो भाड्याचा नाई. माह्या टुरीचा हाये."

"टुरी?"

"पोरगी. आमच्याकडं टुरी म्हनते. येऊन राहिली ते अकरा वाजता."

"अय्या, तुम्हाला मुलगी आहे? इथेच असते?"

"साप्पोरोले. मायपाशी."

 शहरातल्या माणसांना असं काही कळलं की त्यांची नजर बुटांवर जाते, तशी दोघांची गेली.

"ओह. सॉरी," जयेश म्हणाला.

"सॉरी कायले? जित्ती हाये जी." पंढरीनं आमिषाची डबी बंद केली. "बारा वर्साची झाली. गळ असा धरते का तुमी-आमी पाहत राहावं. ढिवराचं रगत हाये ना."

ते हसले, आणि तो बाहेर पडला.

बाहेर पडल्यावर त्याचं तोंड उतरलं. बुधवारी त्याच्या फोनवर तोमोमीचा, म्हणजे पूर्वीच्या बायकोचा निरोप आला होता. रविवारी अकराला कोहारू येईल. तिला तुझ्याशी काही बोलायचं आहे. तिला बोलू दे. एवढंच. गेल्या चार दिवसांत पंढरीनं तो निरोप इतक्यांदा वाचला होता की त्यातली अक्षरं झोपेतही दिसायची. गेल्या उन्हाळ्याची भेट रद्द झाली होती. आता उरली होती ती वर्षातली ही एक, बर्फावरची. ही पण गेली तर? पोरगी पुढच्या हिवाळ्यात आली नाही, तर या गोठलेल्या तऱ्यावर आपण कुणाचं सामान ओढतोय आणि कशाला?

पहाटे सहालाच त्यानं पिवळा तंबू लावला होता. गिऱ्हाइकांना देतात ती पातळ चटई नाही, स्वतःच्या खोलीतली गादी आणली होती. दोन भोकं पाडली होती, एक तिचं आणि एक त्याचं. दर अर्ध्या तासानं तो जाऊन त्यावरची साय झाऱ्यानं काढून येत होता. बर्फाला भोक पाडलं की ते लगेच बुजायला बघतं, जखमेवर खपली धरते तसं.

हे सगळं एका कागदानं झालं होतं, आणि तो कागद त्यानंच लिहिला होता.

नागपूरला मासोऱ्यांचं शिक्षण घेऊन पंढरी शिष्यवृत्तीवर इकडे आला. गोठणाऱ्या तळ्यातले मासे हिवाळा कसा काढतात, हा त्याचा विषय. तोमोमी विद्यापीठाच्या कचेरीत कामाला होती. लग्न झालं, कोहारू झाली. पुढे भांडण म्हणावं असं काही घडलंच नाही. ती बोलायची नाही आणि याला न बोललेलं कळायचं नाही. असं चार वर्षं चाललं आणि एक दिवस तिनं एक कागद टेबलावर ठेवला. जपानात घटस्फोटाला कोर्ट लागत नाही. दोघांची सही असलेला एक कागद वॉर्डाच्या कचेरीत नेऊन दिला की झालं. त्या कागदात एक रकाना होता. मूल कुणाच्या ताब्यात. दोघांपैकी एकाचंच नाव लिहायचं.

पंढरीनं तोमोमीचं नाव लिहिलं. कुणी दमदाटी केली नाही, कुणी फसवलं नाही. त्यानं स्वतःच्या हातानं, जपानी अक्षरात, एकेक रेघ नीट ओढून लिहिलं. अक्षर चांगलं आलं म्हणून त्याला बरंही वाटलं होतं.

कारण त्याच्या डोळ्यांपुढे मावशी होती. बोडीटोल्यात त्याच्या मावशीनं नवऱ्याला सोडलं होतं. पोरगं मावशीपाशी. आता पाच वर्षांचं पोरगं आईजवळ झोपणार नाही तर कुठे झोपणार? मावसा दर बुधवारी बाजार करून यायचा, परडीत चार मासोऱ्या घेऊन अंगणात बसायचा, पोराच्या पाठीत एक धपाटा घालायचा आणि चहा पिऊन जायचा. मावशी त्याच्याशी चकार शब्द बोलायची नाही, पण चहात साखर बरोबर टाकायची. पोराचं लग्न ठरलं तेव्हा पुढे होऊन बोलणी मावसाच करून आला. पोरगं कुणाचं, असं बोडीटोल्यात कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. बाप असणं ही लिहून द्यायची गोष्ट असते, हेच त्याला ठाऊक नव्हतं. रकान्यात एकच नाव लिहायचं आहे तर मायचं लिहू, आपल्याला काय लिहायची गरज, असं त्यानं धरलं.

पुढल्या वर्षी शाळेच्या खेळांच्या दिवशी तो फाटकाशी गेला. शाळेतली एक तरुण बाई नम्रपणे वाकली आणि तिनं विचारलं, आपण कोण? तेव्हा त्याला कळायला लागलं. मग वकील गाठला. वकिलानं कागदाची नक्कल बघितली, चष्मा पुसला आणि म्हणाला, हे अक्षर तुमचंच ना?

महिन्याला एक भेट तोमोमीनं आपणहून कबूल केली होती. ती मोडणारी बाई नव्हती. पण पोरगी मोठी होत गेली. कधी ताप, कधी शाळेची सहल. महिन्याची दोन महिन्यांवर गेली, मग उन्हाळा आणि हिवाळा एवढीच राहिली. मध्येच तोमोमीनं मुरासे नावाच्या माणसाशी लग्न केलं. विद्यापीठातलं पंढरीचं कंत्राट संपलं तेव्हा नागपूरच्या कॉलेजातून त्याच्या जुन्या सरांचा फोन आला, जागा आहे, ये. धाकट्या भावानं, माधवनं, तर ओरडाच केला. "दादा, येऊन जा बावा. तिथं बरफात का ठेवलं हाये? इथं तरा हाये, घर हाये, माय हाये."

"माही टुरी हाये इथं," पंढरी म्हणाला होता, आणि साप्पोरोहून दोन तासांवरच्या या काठावर उन्हाळ्यात होड्या दुरुस्त करायला आणि हिवाळ्यात सामान ओढायला राहिला होता.

अकराला पाच कमी असताना पांढरी गाडी काठावर थांबली.

मुरासे उतरला. दरवाजा उघडून त्यानं पोरीची पिशवी काढून दिली, तिच्या टोपीची नाडी बांधली, मग पंढरीकडे वळून कमरेत वाकला, हात मांड्यांना लावून, चांगला खोल. त्याच्या हातात मिठाईचा खोका होता. तो त्यानं दोन्ही हातांनी पुढे केला.

"आज थंडी फार आहे. आपल्याला त्रास देतोय. मी गाडीतच थांबतो, सावकाश होऊ द्या."

पंढरीही वाकला. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. शिव्या तरी घालता आल्या असत्या.

कोहारू वर्षात हातभर वाढली होती. पंढरीनं घसरगाडीवर घडी घालून रजई ठेवली होती. ती दर वर्षी त्यावर मांडी घालून बसायची, हा ओढायचा आणि ती मागून "लवकर, लवकर" ओरडायची.

"बस," तो म्हणाला.

"नको, मी चालते."

"लांब आहे."

"मला ठाऊक आहे किती आहे ते."

दोघांचं बोलणं जपानीतच चालायचं. रागानं नव्हती बोलली ती. पंढरीनं मिठाईचा खोका काखेत मारला, दोर कमरेला लावला आणि निघाला. भरलेली गाडी मागे गुमान येते. रिकामी, जरा पाऊल मंदावलं की टाचांवर आदळते. काठापासून तंबूपर्यंत ती तीनदा त्याच्या टाचांवर आदळली. तिसऱ्यांदा पोरगी हसली, तर त्याला केवढं बरं वाटलं.

तंबूत ऊब छान धरली होती. कोहारूनं हातमोजे काढून स्टोव्हवर हात धरले, मग वर बघितलं आणि न सांगता झरोका दोन बोटं आणखी उघडला. पंढरी बघत राहिला. हे त्यानं तिला ती सात वर्षांची असताना शिकवलं होतं.

तिनं गळ सोडला. मनगट हलवायचं नाही, फक्त बोटाचं टोक, पाण्याखालच्या माशाला वाटावं की काहीतरी जिवंत वळवळतंय. बघता बघता गळाची काडी थरथरली. तिनं दोरा वर घेतला. एका दोऱ्याला पाच आकडे असतात, त्यातल्या तीन आकड्यांना मासोऱ्या लटकत होत्या.

"तीन!" ती ओरडली. "एकदम तीन!"

"माझ्या बापाला कधी एकदम तीन नाही लागल्या," पंढरी म्हणाला.

"त्यांच्याकडे जाळं होतं. एकेक मासा कोण मोजतंय?"

"हे तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. मागच्या वर्षी."

अर्धा तास असा गेला. बालदीत तीस-पस्तीस मासोऱ्या झाल्या. पंढरीला वाटायला लागलं, की तो निरोप आपण उगाच मनाला लावून घेतला. शाळेचं काहीतरी असेल. क्लासची फी, सहल, असलं काहीतरी.

मग कोहारूनं गळ टेकणीवर ठेवला. पाय जवळ घेतले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि ती म्हणाली, "पंढरी-सान."

पंढरी झाऱ्यानं भोकावरची साय काढत होता. हात थांबला. आजपर्यंत ती त्याला बा म्हणत आली होती. त्यानंच शिकवलेलं. पंधरा वर्षांत या देशात एकालाही त्याचं नाव धड म्हणता आलं नव्हतं, हिनं मात्र ढ सुद्धा अगदी बोडीटोल्यासारखा काढला. आणि मागे सान लावला, दुकानातल्या माणसाला लावतात तसा.

"आई म्हणाली, हे मीच सांगावं. म्हणून मी सांगते."

"सांग."

"एप्रिलपासून मी माध्यमिक शाळेत जाणार. तेव्हापासून माझं आडनाव मुरासे होणार. म्हणजे मी त्यांची मुलगी होणार. कागदावर."

"कागदावर," पंढरी म्हणाला.

"हो. नव्या शाळेत पहिल्या दिवसापासून तेच नाव असलं की बरं, असं ठरलं." ती थोडी थांबली. "आणि ते मी पण ठरवलं. फक्त मोठ्यांनी नाही."

यासाठी पंढरीची सही लागत नाही, हे वकिलानं त्याला कधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे पोरगी विचारायला आली नव्हती, कळवायला आली होती. तरी तिचे हात गुडघ्यांवरून उठले नव्हते.

"आणि?" त्यानं विचारलं.

"आणि पुढच्या वर्षीपासून मी इथे आले नाही तर चालेल का?"

चार दिवस त्यानं वाक्यं जुळवली होती. समजुतीची, मोठ्या माणसाला शोभतील अशी. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. आलं ते हे:

"तुझ्यासाठीच तर मी इथे थांबलो. नाहीतर कधीच गावी गेलो असतो."

बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं की हे पोरीच्या डोक्यावर ठेवायचं ओझं नव्हतं. पण शब्द गेला होता. कोहारूच्या गळाची काडी खाली वाकली, पुन्हा वाकली. काहीतरी लागलं होतं. दोघांपैकी कुणी हात लावला नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच मी येत होते."

"म्हणजे?"

"आई म्हणायची, तू गेली नाहीस तर ते एकटे पडतील. मग मी यायची. मला मासे धरायला आवडतं. खरंच आवडतं. पण तुम्ही दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसता. मी हसले की तुम्ही हसता, मी गप्प बसले की तुम्ही घाबरता. म्हणून मी हसत राहते." तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. कितीतरी दिवस पाठ केलेलं असावं. "जानेवारी लागला की माझ्या पोटात दुखायचं. दर वर्षी. मला ते जड जातं."

"पोटात दुखायचं?" पंढरी म्हणाला. आडनावाचं त्याला निदान कळलं तरी होतं, हे मात्र अजिबात कळलं नव्हतं. "कधीपासून?"

"तिसरीपासून."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. ओतोसानला."

ओतोसान म्हणजे बाबा. बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली, आणि मग ती रडायला लागली. नाक ओढत, मान खाली घालून, लहान पोर रडतं तशी नव्हे, दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून माणूस रडतं तशी.

पंढरीला वाटत होतं, आपण इतकी वर्षं पोरीसाठी थंडीत उभे आहोत. आणि पोरगी आठ वर्षांची असल्यापासून, पोटात कळ घेऊन, त्याच्यासाठी येत होती. त्याला हसवायला. दर हिवाळ्याला तो काठावर जाऊन उभा राहायचा, गाडीतून उतरताना ती हात हलवायची आणि त्याचं वर्षभराचं पोट भरायचं. त्या हात हलवण्याला तिला काय पडत होतं ते त्यानं कधी बघितलंच नाही. गोठलेल्या पाण्याखाली मासा कसा जगतो ते या माणसानं चार वर्षं अभ्यासलं होतं.

त्यानं खिशातला रुमाल काढला. त्याला रॉकेलचा वास येत होता. तो परत ठेवला आणि मुरासेनं दिलेल्या खोक्यावरचा कागदी रुमाल सोडवून तिच्या हातात दिला.

"चालेल," तो म्हणाला.

तिनं वर बघितलं.

"नको येऊस. चालेल. नाव पण चालेल." जपानीत एवढं बोलून त्याचं जपानी संपलं. पुढचं आपसूक घरच्या बोलीत आलं. "पोटात नोको दुखू देऊ मा. कायले दुखू द्याचं? मी हावो इथं. मी कुठं चाललो?"

तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे. तिनं मान हलवली. तिला लहानपणी शिकवलेले दहा-बारा शब्द अजून आठवतात का, हे विचारावंसं त्याला वाटलं. विचारलं नाही. नाही म्हणाली असती तर ते ऐकून घ्यायची ताकद आज त्याच्यात शिल्लक नव्हती.

"तळू का?" त्यानं विचारलं.

"हो."

त्यानं पिशवीत तांदळाचं पीठ, हळद, तिखट आणि मीठ घातलं, मासोऱ्या टाकल्या आणि पिशवीचं तोंड धरून खडखडून हलवली. कढईत तेल तापलं. बोडीटोल्यात माय अशाच तळायची, मोठ्या तऱ्यातल्या बारीक मासोऱ्या, कुरकुरीत, मिरचीसंगं. कोहारूनं एकही शिल्लक ठेवली नाही. तिखटानं तिचं नाक वाहत होतं, त्यामुळे मघाचं रडणं आणि आताचं नाक पुसणं एकातच मिसळून गेलं आणि दोघांचीही सोय झाली.

साडेबाराला ती उठली. तीनपर्यंतची वेळ होती, पण तोही उठला. परत जाताना ती पुढे चालत होती आणि पंढरी मागे, रिकामी घसरगाडी ओढत. काठावर मुरासे गाडीबाहेर उभाच होता, कान लाल झालेले. म्हणजे बराच वेळ आत बसला नसावा. त्यानं पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दार उघडलं.

कोहारू दारापाशी गेली, मग परत वळली. पंढरीला वाटलं, हात हलवेल. तिनं हात मांड्यांना लावले आणि ती कमरेत वाकली. खोल, चांगली खोल. शेजारी मुरासेही वाकला. दोघांचं वाकणं अगदी एकसारखं होतं, एका घरात राहणाऱ्या माणसांचं असतं तसं.

गाडी वळणावर दिसेनाशी होईतो पंढरी उभा होता. मग तंबूकडे परतला. आत अजून ऊब होती. तिच्या भोकावर पातळ साय धरली होती. तिनं टेकणीवर ठेवलेला गळ तसाच होता. त्यानं दोरा ओढला, तर शेवटच्या आकड्याला एक मासोरी. मघाची, धडपडून मेलेली. त्यानं ती सोडवली, बालदीत टाकली आणि स्टोव्ह विझवला. विझवून तो स्टुलावर बसला.  श्वासाची वाफ दिसायला लागली तेव्हा तंबूतली ऊब संपली होती.

"पान्दा-सान," कमरेच्या वॉकीटॉकीत ओनोदेराबाईचा आवाज खरखरला. "ऐकू येतंय का? पाच जण आलेत, बुकिंग नाही. आजी, आईबाप आणि दोन मुलं. नाही सांगू का?"

म्हातारीनं काठावरून सगळं पाहिलं असणार. तिच्या 'नाही सांगू का'मध्ये ते होतं.

"नको. येतो," पंढरी म्हणाला. "मोठा तंबू काढून ठेवा. आणि पाच चटया."

बाहेर जयेशच्या तंबूतून तन्वी पळत आली. मागून मिताली, हातात डबा.

"दादा, तुमची मुलगी गेली पण? इतक्यात?"

"हो जी. शाळा हाये तिची."

"आज? संडेला?"

जयेशनं तंबूच्या दारातून "मिताली" एवढंच म्हटलं. ती समजली. तिनं डबा पुढे केला. "शंकरपाळे आहेत. घरचे. घ्या ना थोडे. दोन घेतले की काय होतंय, मूठभर घ्या."

त्यानं मूठभर घेतले. एक तोंडात टाकला. "गोड झाले," तो म्हणाला.

"पांडाकाका, मला आठ मासे मिळाले!" तन्वी म्हणाली.

"आठ? बापरे! मंग तू त पक्की ढिवरीन झाली."

"म्हणजे काय?"

"तुया बाबाले इचार. त्याहिले आतालोक दोन बी नाई भेटले."

"तीन!" तंबूतून जयेश ओरडला. "तीन झालेत, प्लीज."

पंढरी काठावर गेला. नव्या कुटुंबातली दोन पोरं आधीच बर्फावर घसरत होती आणि आजीबाई त्यांना दटावत होती. त्यानं सगळ्यांना सांगितलं, टाच आधी टेकवू नका, सपाट पाऊल टाका, आणि लाल झेंड्याच्या पलीकडे जायचं नाही, तिकडे तडा आहे. सामान लादलं, दोर आवळला आणि निघाला. ओझं भरपूर होतं. बर्फावर नवी भुरभुर पडली होती, गाडी जड जात होती आणि आजीबाईला चालताना मध्ये मध्ये थांबायला लागत होतं, तेव्हा तोही थांबत होता.

जागेवर पोचल्यावर त्यानं तंबू उघडला, झालरीवर बर्फ चढवला. मग स्टोव्हच्या टाकीत खुणेपर्यंत रॉकेल भरलं, सांडलेलं फडक्यानं पुसलं, वाऱ्याकडे पाठ केली आणि काडी ओढली. पहिली विझली. दुसरी विझली. तिसरी लागली. ज्योत पिवळी होती, धूर सोडत होती. ती निळी होईतो तो उकिडवा बसून राहिला, मग स्टोव्ह उचलून आत नेला, फळीवर ठेवला आणि मुलांच्या बापाकडे हात पुढे करून गिरमिट मागितलं.